नववे नाव : दगडू, मावळ

मार्गशीर्षातला पहिला शनिवार, रक्कम पंधरा रुपये, हजर माणसे तीन : रावसाहेब, माझे वडील अप्पा आणि मी. जागा आमची ओटी. पंधरापैकी पाच रुपये रावसाहेबांनी तिथेच सतरंजीवर ठेवले आणि उरलेले दहा काम पुरे झाल्यावर देऊ म्हणाले. काम असे होते. लोणावळ्यात बाजाराच्या टोकाला एक शिळा होती. पहिल्या लढाईत आमच्या भागातले जे शिपाई गेले, त्यांची नावे तिच्यावर कोरलेली होती. आता दुसरी लढाई सुरू झाली होती आणि भरतीचा जोर चालला होता. पौषात कोणी मोठे साहेब शिळेला हार घालायला येणार होते. त्या वेळी प्रत्येक नावामागचे जवळचे माणूस पहिल्या रांगेत बसवायचे आणि साहेबांच्या हातून त्याला शेला द्यायचा, अशी समारंभ जमवणाऱ्या रावसाहेबांची कल्पना होती. नावे नऊ. मी नुकता मॅट्रिक होऊन घरी बसलेला, अक्षर बरे, पाय बळकट. प्रत्येक नावाचे घर आणि हयात वारस शोधून मी यादी करायची होती.

"नऊच्या नऊ पाहिजेत हं, वसंतराव," रावसाहेब म्हणाले. मला 'राव' लावणारे ते पहिले गृहस्थ. "एक खुर्ची रिकामी राहिली तर पडलेल्या दातासारखी दिसेल."

"आठ सापडतील," अप्पा म्हणाले. "नववे सोडून द्या."

"का बुवा? मूळ यादी तर तुमचीच, मास्तर."

"म्हणूनच सांगतो," असे म्हणून अप्पा चहाचे सांगायला आत गेले. चहा आईने आधीच टाकलेला होता; आधण वाजत होते, ते ओटीवर ऐकू येत होते. अप्पांना उठायचे काही कारण नव्हते, एवढे माझ्या त्याच वेळी लक्षात आले.

अप्पा मराठी शाळेत मास्तर. आमचे घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर होते. घाट उतरणाऱ्या आणि चढून आलेल्या गाड्यांना इंजिने जोडण्या-सोडण्याचे काम दिवसभर चाले. दोन इंजिने एकमेकांना शिट्टीने विचारत आणि शिट्टीनेच उत्तर देत. आई त्या शिट्ट्यांवर स्वयंपाकाची वेळ धरी. आमच्याकडे भिंतीवर घड्याळ होते, पण ते अप्पांसाठी. त्या दिवसांत नवा तांदूळ आलेला असायचा. नव्या आंबेमोहोराचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येई, पण तो भात चिकट होतो म्हणून अप्पा कुरकुरत आणि दोनदा घेत. वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, रविवारी एखादी घारगी. शाळा सुटल्यावर ओटी माणसांनी भरे, कारण वाचता-लिहिता येणारा आणि त्याचे पैसे न घेणारा माणूस म्हणून अप्पा साऱ्या मावळात माहीत होते. कोणाचे पत्र वाचायचे, कोणाचा अर्ज लिहायचा. पलटणीचे पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या तर सहा-सहा महिन्यांनी यायच्याच. हे माणूस जिवंत आहे, माझ्यासमोर अंगठा दिला, अशी सही अप्पा करून देत. साऱ्याजणींना ते 'आजी' म्हणत, त्यामुळे मला त्यांची नावे कधी कळली नाहीत. शिळा बसवली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण तिची यादी अप्पांनी गावोगाव पायी फिरून केली, हे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आठ नावे मला अकरा दिवसांत सापडली. शिळेवर प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि गाव कोरलेले होते, त्यामुळे अडचण पडली नाही. सहा ठिकाणी भाऊ-पुतणे होते, एकीकडे म्हातारा बाप होता, एकीकडे मुलगी. नवव्या नावापुढे मात्र एवढेच : दगडू, मावळ. बापाचे नाव नाही, गाव नाही. मावळ म्हणजे काय एक आळी आहे? वहीत पोरांच्या बापाचे नाव राहिले तर छडी उगारणाऱ्या अप्पांनी असे अर्धे नाव दगडावर जाऊ कसे दिले, हे मला कळेना. विचारले तर म्हणाले, "तेवढीच माहिती होती." मी बारा गावे फिरलो. लढाईवर गेलेले दगडू दोन सापडले. दोघेही धडधाकट होते आणि त्यातल्या एकाने मला तंबाखू मागितली.

कामशेतच्या बाजारात कोणी सांगितले की वडिवळ्यात एक बाई आहे, तिचा नवरा पहिल्या लढाईवर गेला तो परत आलाच नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने मी कामशेतला उतरलो आणि दीड तास चालून वडिवळ्याला गेलो. आता त्या बाजूला धरणाचे पाणी पसरले आहे आणि मी गेलो ती पायवाट कुठून होती हे मला दाखवता येणार नाही. तेव्हा सगळीकडे खळी लागली होती. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटल्याचा आवाज डोंगरावर जाऊन परत येई, म्हणजे प्रत्येक फटका दोनदा ऐकू येई.

बाईचे नाव पारूबाई. वय चाळिशीच्या थोडे पुढे, उंच, हाडापेराने मोठी. कपाळावर रुपयाएवढे कुंकू. मी कशासाठी आलो ते सांगताच तिच्या हातातली पेंढी हातातच राहिली.

"धाकलं मास्तर," ती म्हणाली, "त्या लोनावळ्याच्या दगडावर माज्या मालकाचं नाव हाय का?"

"नाव काय त्यांचं?"

तिने पदराने तोंड झाकले. खळ्यावर हशा पिकला. तिचा शेजारी सोमाआबा, सत्तरीचा म्हातारा, पेंढ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "तिला काय इचारता? ती घील व्हय दादल्याचं नाव! धोंडू त्याचं नाव. धोंडू खंडू. लय चांगला गडी व्हता. माजी इळी घिऊन गेला त्यो गेलाच."

मी यादी काढून पुन्हा वाचली, खरे तर मला ती पाठ होती. "धोंडू नाही," मी सांगितले. "नऊ नावांत धोंडू कोणी नाही."

पारूबाईने पेंढी खाली ठेवली. "नीट बगितलं?"

"नऊ वेळा बघितलं."

"मंग जित्ता हाय," ती म्हणाली. हे ती मला सांगत नव्हती. मग माझ्याकडे वळून बोलली, "माजी सासू, गजाबाई, दोन वर्सं झाली तिला जाऊन. ती सांगायची, कागुद येत न्हाई तवर कुकू पुसायचं न्हाई. कागुद काय आला न्हाई. लोक म्हनायची, बाई, येडी हायेस. भाऊ न्याया आला, दुसऱ्या घरी पाट लावून देतो म्हनला. मी न्हाई गेली. आता तुमी वाचून सांगटलं, दगडावर न्हाई. म्हंजी सरकारला बी ठावं न्हाई त्यो मेला म्हून."

तिच्या बोलण्यात चूक काढता येण्यासारखे मला काही दिसले नाही. तिने मला जेवल्याशिवाय सोडले नाही. गरम भात, कुळथाचे पिठले, वर कच्चा कांदा. वाढताना ती सारखी हसत होती. तिच्यात एवढे हसू बावीस-तेवीस वर्षे कुठे राहिले असेल, असे मला वाटले आणि आपण कोणाचे तरी भले केले म्हणून मी दोन घास जास्त खाल्ले.

निघताना ती ओढ्यापर्यंत आली. "धाकलं मास्तर, दगड हालतोय त्यो, जपून." मागून सोमाआबा ओरडला, "अगं, धोंडा म्हन की! समदं गाव धोंडा म्हनतंय!" आणि मला म्हणाला, "दादल्याचं नाव येतंय ना तोंडात! धोंड्याचा म्हैना आला तरी ही आपली म्हनती, जास्तीचा म्हैना. तेवीस वर्सं धोंडा म्हनून न्हाई जिभंवर घेतला बाईनं."

मीही हसलो. ओढा ओलांडला, शेते ओलांडली, कामशेतच्या फलाटावर येऊन बसलो. गाडीची घंटा झाली तेव्हा एकदम लक्षात आले. जिला धोंडा म्हणता येत नाही, ती दगड म्हणते. धोंडू म्हणता येत नसेल तर काय म्हणेल?

गाडीत बसून मी सगळे जुळवले. अप्पा यादी करायला वडिवळ्यात गेले असतील. घरी एकटी सून असेल. नाव विचारल्यावर तिने 'दगड असतो ना, ते' असे काही सांगितले असेल आणि अप्पांनी दगडू लिहून घेतले असेल. चूक समजण्यासारखी होती. पण मग शिळेवरचा माणूस तोच होता आणि मी त्याच्या बायकोला तो जिवंत आहे असे सांगून, तिच्या घरचे पोटभर जेवून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी पाने मांडलेली, आई वाढत होती. मी म्हणालो, "अप्पा, शिळेवरचा दगडू म्हणजे वडिवळ्याचा धोंडू खंडू. तुमची लिहिण्यात चूक झाली."

अप्पांनी भात कालवला, पण घास घेतला नाही. "चूक झाली नाही," ते म्हणाले. "मी तसंच लिहिलं."

त्यानंतर अप्पांनी जे सांगितले ते शाळेत धडा सांगावा तशा आवाजात सांगितले, एकही शब्द न गाळता. धोंडूच्या मरणाचा कागद आला तो गजाबाई वाचून घ्यायला आमच्याच ओटीवर घेऊन आली. बसऱ्याच्या इस्पितळात तापाने गेला. पेन्शन मिळणार होते आणि वारस म्हणून त्याने आईचे नाव दिले होते. ऐकून म्हातारी खांबाला टेकून बसली. मग म्हणाली, "मास्तर, ह्ये कुनाला बोलू नगा. सून एकोनीस वर्साची हाय. उद्या तिचं भाऊ येत्याल, न्हेत्याल, पाट लावत्याल. माजं कोन हाय मागं?" अप्पा कोणाला बोलले नाहीत. दर सहा महिन्यांनी ती बाजाराच्या निमित्ताने येई, अंगठा देई, अप्पा सही करीत. पुढे शिळेची यादी करायची वेळ आली तेव्हा तिने अप्पांचे पाय धरले. पोराचे नाव दगडावर पाहिजे, पण सुनेला कळता कामा नये.

"मग मी दगडू लिहिलं. खोटं नाही लिहिलं, असं मनाशी म्हणत होतो. अर्थ तोच आहे."

मी अठरा वर्षांचा होतो आणि मला पहिल्यांदा आकडा सुचला, याची आज लाज वाटते. "महिना किती मिळायचे?"

"चार रुपये."

एकवीस वर्षे. एक हजार आठ रुपये. त्यातला एक रुपयादेखील कोठून आला हे त्या घरात राबणाऱ्या बाईला माहीत नव्हते.

"म्हातारी एकटी पडली असती," अप्पा म्हणाले.

"आणि ही पडली नाही?" आई बोलली. अप्पांच्या तोंडावर ती सहसा बोलत नसे. "म्हातारीनं पोटासाठी केलं. तुमच्या पोटाला काय कमी होतं? नाव तर तुम्हीच फिरवलंत ना?" एवढे बोलून तिने ताक वाढले, तेही आधी माझ्या पानात.

मी जाऊन तिला सांगतो, असे अप्पा त्याच दिवशी म्हणाले. सोमवारी शाळेत परीक्षा निघाली. मंगळवारी त्यांचा पाय दुखत होता. बुधवारी ते स्टेशनपर्यंत जाऊन परत आले आणि गाडी चुकली म्हणाले. ते दारात आले त्यानंतर गाडी सुटल्याची शिट्टी झाली, ती आईने आणि मी दोघांनी ऐकली होती. त्या चार दिवसांत आमच्या घरात कामापुरते बोलणे झाले. मी रात्री पडल्या पडल्या एवढाच विचार करी की वडिवळ्यात ती बाई रोज सकाळी आरशासमोर बसून कुंकू लावते आहे आणि आता माझ्या शब्दावर लावते आहे.

गुरुवारी दुपारी पारूबाईच आली. बरोबर सोमाआबा आणि नव्या तांदळाचे पायलीभर गाठोडे. "धाकल्या मास्तराला द्यायला आनलं," म्हणून तिने गाठोडे ओटीवर ठेवले आणि अप्पांना पाहून पाया पडली. "मास्तर, आमच्या आत्याबाई बाजारला आल्या का हितंच टेकायच्या न्हवं? सांगायच्या, मास्तरांची ओटी लय गार हाय."

अप्पा उभे राहिले. शाळेत ते पोरांना उभे करीत तसे, हात दोन्ही बाजूंना. आणि त्यांनी तिला सांगितले. कागदाचे, पेन्शनचे, दगडूचे. मध्ये एकदा सोमाआबा "अरं तुज्या" एवढे म्हणाला.

पारूबाई रडेल असे मला वाटले होते. तिने विचारले, "कागुद कंच्या साली आला?"

अप्पांनी सांगितले.

"त्याच दिवाळीला माजा भाऊ आल्ता," ती म्हणाली. "बैलगाडी घिऊन. आत्याबाई दारात आडव्या पडल्या. म्हनल्या, माजा ल्योक होळीला येनार हाय आन तू कुटं चाललीस?" आईने पाणी आणून ठेवले ते तसेच राहिले. "माजी भाकरी चांगली हुती म्हनायच्या. माज्या हातची भाकरी खाऊनच मेल्या."

मग ती मला म्हणाली, "दगड दावा."

आम्ही सगळे बाजारातून गेलो. अप्पा सर्वांत मागे. दुकानांतून लोक बघत होते. शिळेपाशी मी तिचे बोट धरून नवव्या ओळीवर ठेवले आणि अक्षरांवरून फिरवले. द. ग. डू.

"ह्ये त्यांचं न्हाई," ती म्हणाली.

"त्यांच्यासाठीच लिहिलंय, बाई," अप्पा म्हणाले.

"तुमी लिवलंय. त्यांचं न्हाई."

सोमाआबाने दबकत, शेजाऱ्याच्या मायेने, तिच्या कपाळाकडे हात केला. "पारू, आता त्ये..."

तिने त्याचा हात बाजूला केला. "कागुद आत्याबाईला आलाय, आबा. मला न्हाई आला. मला यील तवा पुसंन."

ती तशीच, कुंकवासकट, स्टेशनाकडे चालू लागली. तांदूळ तिने परत मागितला नाही. आईने तो शिजवला नाही. माझ्याबरोबर दुसऱ्याच दिवशी वडिवळ्याला पाठवून दिला.

अप्पा त्याच संध्याकाळी रावसाहेबांकडे गेले. मी बरोबर होतो. सारे ऐकून रावसाहेब हसले. "अहो मास्तर, दगडू काय न् धोंडू काय, अर्थ एकच! त्या बाईला बसवा खुर्चीवर, शेला द्या, मोकळे व्हा." अप्पा म्हणाले, "अर्थ एकच आहे असं मीही वीस वर्षं म्हणत होतो." समारंभाला आठ खुर्च्या मांडल्या. माझे काम पुरे झाले नाही असे रावसाहेबांनी धरले आणि मीही तसेच धरले. शिळेवरचे नाव मात्र दुरुस्त करून घेतले. 'धों' हे अक्षर 'दग'पेक्षा अरुंद बसते, म्हणून पाथरवटाला पूर्ण ओळ घासून खोल करावी लागली. ती ओळ आजही बोटाला इतरांपेक्षा खोल लागते.

पारूबाईला तिच्या नावाचा कागद आणि पेन्शन मिळावे म्हणून पलटणीकडे अर्ज केला, तो अप्पांनी स्वतः लिहिला. मी नक्कल केली, म्हणून मला त्यातला मजकूर ठाऊक आहे. विधवेपासून मृत्यूची बातमी लपवण्यात आपण सामील होतो, हे त्यांनी तिसऱ्या कलमात लिहिले होते. अर्ज करणाऱ्याने ते लिहिण्याची काहीएक गरज नव्हती. उत्तराला दहा महिने लागले. या वेळी पाकिटावर पारूबाईचे नाव होते. मी ते घेऊन वडिवळ्याला गेलो आणि तिच्या पडवीत वाचून दाखवले. तिने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, घडी घातली आणि ती आत गेली. मी थांबलो नाही.

पैसे घेण्याच्या दिवशी ती कचेरीत आली तेव्हा कपाळ मोकळे होते. अप्पा आणि मी तिच्या दोन बाजूंना उभे होतो. जाळीपलीकडच्या कारकुनाने विचारले, "मयत नवऱ्याचं नाव?" अप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. कारकून म्हणाला, "तुम्ही नाही. बाईंनी सांगायचं."

मागे रांग होती. कोणीतरी खोकले. पारूबाईने जाळी धरली. तिचे ओठ एकदा हलले, आवाज आला नाही. कारकुनाने लेखणी दौतीत बुडवली आणि तो पुढच्या माणसाकडे पाहू लागला.

"धोंडू," ती म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे, "धोंडू खंडू."

सासू वारल्यापासूनचे चौतीस महिने, दरमहा चार रुपये, एकूण एकशे छत्तीस. आधीचे हजार आठ ज्या वारसाला द्यायचे तिला दिले गेले होते, त्यांचा विचार होणार नव्हता. तिने अंगठा दिला. साक्षीदाराच्या रकान्यासाठी अप्पांनी सवयीने लेखणी उचलली.

"मास्तर नगं," पारूबाई म्हणाली. "धाकलं करत्याल."

अप्पांनी लेखणी माझ्या हातात दिली. दिले एकशे छत्तीस रुपये, पारूबाई, धोंडू खंडू याची विधवा, मौजे वडिवळे, हिला. साक्षीदार म्हणून त्या कागदावर माझी सही आहे.